विहिरीतला निळ्या

"ही लबाडी आहे," अक्का म्हणाली.

ती बराच वेळ माझ्या खुर्चीमागं उभी होती आणि मला वाटत होतं, कौतुकानं बघतेय.

"लबाडी कशी?"

"मग काय? खेळ थांबवालायस, मागं घ्यालायस, परत चालवालायस. मेलं की मेलं. हे कसलं खेळणं?"

पडद्यावर लाल टोपीवाला हवेत लटकलेला होता. मीच त्याला लटकवून ठेवला होता, कारण पुढचं बटण कोणतं दाबायचं ते ठरत नव्हतं. त्या वर्षी आमच्या कंपनीनं पुण्याचं ऑफिस बंद करून सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं. बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, म्हणून मी जयसिंगपूरला आईकडं, आठव्या गल्लीत येऊन राहिलो होतो. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण त्रिशला, तीन गल्ल्या पलीकडं राहायची. रोज दुपारी जेवण आटोपून ती आईकडं यायची. पूर्वी ब्लाऊज शिवायची. अख्ख्या गावातून बायका यायच्या तिच्याकडं. पण संधिवातानं बोटं धरली आणि मशीनवर कापड टाकून ठेवावं लागलं. सकाळी तिला चहाचा कपसुद्धा दोन्ही तळव्यांत धरावा लागायचा. दुपारनंतर बोटं जरा सैल पडत.

मी तिला समजावून सांगितलं. जुन्या व्हिडिओ गेममध्ये एका सेकंदात साठ चित्रं पडद्यावर येतात. प्रत्येक चित्राला म्हणायचं फ्रेम. कॉम्प्युटरवर खेळ प्रत्येक फ्रेमला थांबवता येतो. थांबवायचा, बटण ठरवायचं, पुढची फ्रेम बघायची, नाही पटली तर मागं यायचं. असं करत करत शेवटी सगळ्या बटणांची एक लांबलचक माळ तयार होते. ती कॉम्प्युटरला दिली की खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपोआप, कुठल्याही माणसाच्या हातून होणार नाही इतक्या झपाट्यानं पार पडतो. हा छंद करणारी माणसं जगभर आहेत. त्यांची वेबसाइट आहे, तिथं विक्रम नोंदतात, आणि प्रत्येक व्हिडिओच्या डोक्यावर आधी हेच लिहिलेलं असतं की हे हातानं खेळलेलं नाही, असं बसून बांधलेलं आहे. हातानं खेळणाऱ्यांचे विक्रम वेगळे. मी गेले दोन महिने हे शिकत होतो.

"कुणी कुणाला फसवत नाही, अक्का. सांगूनच करतात."

"म्हणजे खेळायचं नाही. खेळ शिवायचा," अक्का म्हणाली. "टाका टाका घालायचा, चुकला की उसवायचा."

"तसंच."

ती पुढं वाकली. "हा विहिरीचाच गेम ना?"

तोच होता. आम्ही लहान असताना मिरजेच्या मामानं गेमचा डबा आणून दिला होता, त्याच्या कॅसेटमधला. खरं नाव जपानी होतं, पण गल्लीत सगळे त्याला विहिरीचा गेम म्हणत, कारण तिसऱ्या टप्प्यात एका खोल विहिरीतून वर चढायचं असे आणि बहुतेकांचा खेळ तिथंच आटपे. दोघांनी मिळून खेळायचा. लाल टोपीवाला अक्काचा, निळी टोपीवाला माझा. त्याचं नाव निळ्या. गल्लीतली पोरं आमच्या सोप्यात दाटीवाटीनं बसून अक्काचा खेळ बघत. माझा कुणी बघत नसे. मी फक्त जिवंत राहायचं होतं आणि तेही मला जमायचं नाही.

"ह्यात विक्रम कुणाचा आहे?" अक्कानं विचारलं.

"दोन खेळाडूंचा? फिनलंडचा एकजण आहे. यार्को म्हणून. लई वर्षं झाली, कुणी मोडला नाही."

"मोडला तर नाव लागतंय?"

"लागतंय की."

"कुणाचं?"

"ज्यांनी केलं त्यांचं."

अक्कानं दुसरी खुर्ची ओढली. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, त्यामुळं ती पुढं जे बोलली ते अगदी सरळ तिच्या बोलीत होतं. "मी जसा खेळायचो तसं ह्या गल्लीत कुणी खेळत नव्हतं, सनू. गल्लीत काय, गावात नव्हतं. तिकडं स्टँडजवळ गेमचं पार्लर होतं, तिथली पोरं बक्षिसं घेऊन यायची. मला तिथं कोण पाठवणार होतं? आता माझ्या पोरांना सांगितलं तर हसतात. म्हणतात, मम्मी, तू? दाखवायला काय आहे माझ्याकडं?" आणि तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं सांध्यांपाशी फुगलेली, एकीकडं कललेली. "सरक," ती म्हणाली. "बटण कुठलं कुठलं सांग."

बोटानं बटणं नीट दाबली जात नव्हती. आईनं भाचीच्या कंपासमधली खोडरबर लावलेली पेन्सिल आणून दिली. अक्कानं ती मुठीत धरली आणि रबराकडून बटण दाबलं. लाल टोपीवाला एक फ्रेम पुढं सरकला. घाई करायची गरजच नव्हती. एका बटणाला पाच मिनिटं लागली तरी खेळ तिथंच थांबून राहत होता.

सुरुवातीलाच आम्ही एक मोठा गाढवपणा केला. मी कुठूनतरी खेळाची जी प्रत मिळवली होती, ती आमच्या लहानपणच्या कॅसेटचीच होती, तेच पिवळं अक्षर, तीच चुकीची रंगसंगती. आम्हाला तर आनंदच झाला. महिनाभर खपून पहिले दोन टप्पे झकास बांधले आणि मोठ्या ऐटीत वेबसाइटवरच्या लोकांना दाखवायला पाठवले. उत्तर आलं ते खुद्द यार्कोचंच. त्यानं आमची बटणं अस्सल खेळात घालून चालवली होती आणि त्याचा व्हिडिओ पाठवला होता. लाल टोपीवाला सुरुवातीलाच एका भिंतीला जाऊन धडकत होता आणि तिथंच उड्या मारत राहत होता. मागं निळ्याही तेच करत होता. दोघं मिनिटभर भिंतीपुढं कवायत करत होते.

आमची लहानपणीची कॅसेट नकली होती. नकली प्रत बनवणाऱ्यानं खेळात बारीकसारीक फेरफार केले होते. त्यात टोप्या अस्सल खेळापेक्षा किंचित उंच उडत. जिथं आम्ही भिंत ओलांडून जायचो, तिथं अस्सल टोप्यांचं डोकं आपटत होतं.

मी कपाळाला हात लावला. अक्का मात्र ती कवायत बघून इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिलाही दाखवली. मग अक्का डोळे पुसत म्हणाली, "उसव सगळं."

परत पहिल्यापासून सुरू केलं. अस्सल खेळ कडक होता. त्यात शत्रू कुठून येणार, हे खेळ आपण आधी दाबलेल्या बटणांवरून ठरवायचा. त्यामुळं पहिल्या टप्प्यातली एक उडी बदलली की दुसऱ्या टप्प्यात वटवाघळं भलतीकडून यायची आणि तिथून पुढचं सगळं नव्यानं करावं लागायचं. वटवाघळांचा हिशेब माझ्याकडं असे. उड्या अक्काच्या. मी एखाद्या उडीवर समाधान मानून पुढं जायला बघायचो आणि ती पेन्सिल आडवी धरायची. "हितं अजून सैल आहे," म्हणायची. बहुतेक वेळा असायचं.

संध्याकाळी दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, दुकान बंद करून तिला न्यायला यायचे. खताचं दुकान होतं त्यांचं. एकदा आमच्या मागं उभं राहून त्यांनी विचारलं, "किती झालं आज?"

"दोन सेकंद," मी सांगितलं.

"दोन सेकंद खेळलाय?"

"दोन सेकंद केले, दाजी."

"दुपारपासून?"

"काल तर एकच झाला होता," अक्का म्हणाली.

दाजींनी आईकडं चहा मागितला. पण बायको हसतेय एवढं त्यांना पुरेसं होतं, कारण त्या वर्षभरात ती फारशी हसलीच नव्हती. त्यांनी नंतर मला बाहेर गाठून हे सांगितलंही, आणि लगेच स्कूटरला किक मारली.

पावसाळा संपता संपता आमचा खेळ शेवटापर्यंत बांधून झाला. मी यार्कोच्या विक्रमाशेजारी तो लावून बघितला. आम्ही अठ्ठावीस फ्रेमनी मागं होतो. म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. आमचा वेळ कुठंही सांडत नव्हता. त्याच्यासारखंच खेळलो होतो, तो दोन-तीन ठिकाणी नशीबवान ठरला होता एवढंच.

मी यार्कोला लिहिलं. तो भला माणूस होता. स्वतःचा विक्रम मोडायला निघालेल्यांना कुणी इतकी मदत करत नाही. त्यानं पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या टप्प्यांबद्दल दोन-तीन गोष्टी सुचवल्या. त्या आम्ही केलेल्याच होत्या. तिसऱ्याबद्दल मात्र एकच ओळ होती. त्या विहिरीत मी एक अख्खा हिवाळा घालवलाय, तिथं काही शिल्लक नाही.

मी ते अक्काला वाचून दाखवलं आणि म्हटलं, "झालं मग. दुसऱ्या नंबरवर राहू. तोही काही वाईट नाही."

"दुसऱ्याचं नाव लागतंय?"

"नाही."

"मग कशाला?" अक्का म्हणाली, आणि विहीर पहिल्यापासून लावायला सांगितली.

विहिरीचं असं होतं. आत भिंतीला पाय ठेवण्यापुरते कठडे होते आणि तीन बादल्या. बादलीत एकच माणूस मावायचा. आधी लाल टोपीवाला बादलीत बसून वर जाणार, मग बादली खाली येणार, मग निळ्या बसून वर येणार, मग दोघं मिळून पुढच्या कठड्यांवर चढणार. तोवर वरच्यानं थांबायचं. कारण वरचा फार पुढं गेला की पडद्यावरचं चित्र वर सरकतं, आणि खालचा चित्राच्या बाहेर राहिला की मरतो. मेलेला पुन्हा जिवंत होऊन वरच्याशेजारी येतो, पण त्याआधी खेळ क्षणभर गोठतो, रडका सूर वाजतो, आणि बादलीची वाट बघण्यात जेवढा वेळ जातो त्याहून जास्त त्यात जातो. म्हणून आजवर कुणी त्या वाटेला गेलं नव्हतं.

अक्का एकेक फ्रेम पुढं नेत तिसऱ्या बादलीपाशी पोचली. लाल टोपीवाला बादलीतून उतरला आणि वरच्या कठड्यावर थांबला. खाली निळ्या बादलीची वाट बघत उभा होता. अक्कानं पेन्सिल खाली ठेवली.

"निळ्याला पाडला तर?"

मी हसलो. ती हसली नाही.

"मेला की खेळ थांबतो, अक्का. तो सूर वाजतो. तोटा होतो."

"मघापासून बघालोय मी. लाल्याचा पाय विहिरीच्या काठावर पडला की पडदा काळा होतोय, पुढचा टप्पा येतोय. बरोबर? त्या काळ्यातच मेला तर सूर कुठं वाजणार?"

तिचं म्हणणं खरं असेल तर शेवटच्या बादलीची अख्खी फेरी वाचत होती. अडीच सेकंद. या छंदात अडीच सेकंद म्हणजे लॉटरी. मला उडी मारायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणालो, "पण आपण त्याला कधी पाडलं नाही."

तो आवाज ऐकून माझा मलाच संकोच वाटला. चाळिशीला आलेला, घराचे हप्ते भरणारा, काही आठवड्यांत बाप होणारा माणूस, आणि निळ्या टोपीच्या वतीनं गयावया करत होता.

"आपण म्हणजे कोण?" अक्कानं विचारलं.

"तू. तू नेहमी थांबायचीस. पोरं ओरडायची, सोड त्याला, वर चल. बाकी सगळे आपल्या धाकट्या भावांना खाली सोडून जायचे. तू एकदाही गेली नाहीस."

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत आलो होतो. कॉलेजच्या मित्रांना, बायकोला लग्नाआधी, ऑफिसमध्ये कुणी बहीणभावंडांचा विषय काढला की तिथं. माझी अक्का कशी आहे, हे सांगायला मला दुसरं काही लागायचं नाही.

"का थांबायचो माहीत आहे?"

"मला जपायचीस म्हणून."

अक्कानं मान वळवली. "आई, जरा बाहेर ये गं."

आई शेंगा फोडत होती. सूप घेऊनच आली.

"मी विहिरीत का थांबायचो गं?"

"कुठल्या विहिरीत?"

"ह्या गेमच्या. लहानपणी."

"मला काय माहीत तुमचं?" आई म्हणाली, आणि मग तिला आठवलं. "हां, ते होय. मीच सांगितलं होतं की. हा मेला की भोकाड पसरायचा. दुपारची वेळ, तुमचे आण्णा झोपलेले. सांगितलं हिला, त्याला रडवलंस तर टीव्ही बंद." तिनं माझ्याकडं बघितलं. "लई रडका होतास तू," एवढं सांगून ती परत आत गेली.

अक्का बोलायला लागली, अगदी नेहमीच्या आवाजात.

"दोनदा बंद केला तिनं. मधेच. तवापासून थांबायला लागलो. मला येत होतं, सनू. हात चालत होते तवा माझे. तू खाली धडपडायचास आणि मी वर उभा राहून बघायचो, वर किती कठडे राहिलेत ते. ती विहीर मी एकदापण माझ्या वेगानं चढलो नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? बाकी कुठं कुठं थांबलो तुझ्यासाठी, तिथं माझी खुशी होती. तुला इंग्लिश शाळेत घातलं तवा तुझ्या फीसाठी मी माझा शिकवणीचा क्लास सोडून शिवण धरलं, त्याचं मला काही नाही. परत तसंच करीन. पण विहिरीत नव्हती माझी खुशी. विहिरीत मला वर जायचं होतं."

मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, कुणाचा ते कळेना. आईचा म्हणावं तर तिनं केलं ते कुठल्याही आईनं केलं असतं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि म्हणालो, मला मीटिंग आहे. अक्का दाजींची वाट बघत आईजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशीही मी मीटिंग आहे म्हणालो. तिसऱ्या दिवशीही. दाराआडून मला ऐकू येत होतं, आई आणि ती शेंगा फोडत बसायच्या. शेंगा फोडणं तिला जमत नव्हतं, ती फक्त टरफलं गोळा करायची. चौथ्या दिवशी ती सरळ आत आली आणि खुर्चीवर बसली.

"रुसलायस होय?"

"नाही."

"रुसलायस. ओठ तसाच काढलायस. ऐक. विक्रम मला हवा आहे. परत असं काही माझ्या हातून व्हायचं नाही, आता पेन्सिलपण जड लागाय लागलीय. पण निळ्याची बटणं तुझी आहेत. मी दाबली तर नुसता पडेल. त्याला बरोबर मारायचं कसं ते तुलाच येणार. तेवढा सराव दुसऱ्या कुणाला नाही."

मला हसू आलं. ते दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मी कॉम्प्युटर चालू केला.

काम दिसत होतं त्याहून अवघड निघालं. अक्का लाल टोपीवाल्याला न थांबवता वर नेऊ लागली की चित्र सरकायला लागे आणि निळ्या लवकरच खालून बाहेर जाऊन मरे. लवकर मेला की तो रडका सूर. उशीर झाला तर तो मरतच नसे, आणि पुढच्या टप्प्याआधी खेळ त्याच्या वर येण्याची वाट बघत बसे. त्यानं मरायचं होतं ते लाल टोपीवाल्याचा पाय काठावर टेकेल त्याच फ्रेमला. म्हणजे तोवर बादलीशिवाय, नुसत्या कठड्यांवरून, चित्राच्या खालच्या कडेला चिकटून त्याला चढत राहायचं होतं. बादलीशिवाय तिथं कुणी कधी चढलं नव्हतं. कठड्यांमधलं अंतर उडीपेक्षा जास्त होतं.

आठवडाभर मी त्याला चढवत होतो. वरून पडणाऱ्या दगडावर एक पाय टेकवून पुढची उडी मारता येते, हे मला त्यात सापडलं. मग एका वटवाघळाला आधीच्या टप्प्यातूनच अशा बेतानं आणावं लागलं की ते निळ्याला न धडकता शेजारून जाईल. अक्का शेजारी बसून लाल टोपीवाल्याचे काही टाके घट्ट करायची आणि मधूनमधून माझ्याकडं बघायची. एकदा म्हणाली, "एवढा चांगला खेळत होतास तर तवा काय झालं होतं?"

शेवटची फ्रेम आली. लाल टोपीवाल्याचा पाय काठापासून बोटभर वर होता. निळ्या शेवटच्या कठड्याला एका हातानं लोंबकळत होता. मी खालचं बटण दाबलं आणि त्यानं हात सोडला. पडदा काळा झाला. सूर वाजला नाही. चौथा टप्पा उजाडला आणि दोघं शेजारीशेजारी उभे होते.

मग आम्ही विहीर पहिल्यापासून, न थांबवता, खऱ्या वेगानं चालवून बघितली. लाल टोपीवाला पहिली बादली, दुसरी बादली, तिसरी बादली करत वर गेला आणि तिसऱ्या बादलीतून उतरल्यावर थांबलाच नाही. एका दमात वर. अक्काची पेन्सिल मुठीत तशीच होती.

"एवढीच होती होय विहीर?" ती म्हणाली.

तिनं ती परत लावायला सांगितली. मग परत. दाजी येऊन उभे राहिले तेव्हाही तीच चालू होती.

यार्कोनं आमचा खेळ तीन वेळा तपासला, असं त्यानंच लिहिलं. पुढं लिहिलं होतं, मी पूर्ण हिवाळा त्या विहिरीत होतो, आणि सगळा वेळ मी दोघांना वाचवायचं बघत होतो. अभिनंदनाबरोबर त्यानं अक्काला खास नमस्कार सांगितला होता. आठवड्यानं यादीत नाव लागलं. अक्कानं बजावलं होतं की आधी तिचं. त्रिशला चौगुले, मग सन्मती मगदूम. दाजींनी पडद्याचा फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. मिरजेच्या मामींनी उत्तर दिलं, नोकरी लागली वाटतं, छान. भाची मात्र शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन आली आणि अक्कानं त्यांना विहीर दाखवली.

हे सगळं होऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगी झाली, मी पुण्याला परतलो. अक्काला इंजेक्शनांनी थोडा उतार पडला. गेल्या दिवाळीच्या आधी ब्राझीलमधल्या दोघा पोरांनी आमचा विक्रम मोडला. मी तो व्हिडिओ बघितला. चांगलं काम होतं, कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. पण अक्काला फोनवर सांगायचं माझ्या जिवावर आलं. दिवाळीत जयसिंगपूरला गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन गेलो आणि फराळ झाल्यावर तिच्यापुढं ठेवला.

"मोडला," मी म्हटलं.

"कधी ना कधी मोडणारच होता. लाव बघू."

ती शांतपणे बघत होती. पहिल्या टप्प्यात एका ठिकाणी तिनं "व्वा" म्हटलं. विहीर आली. तिसऱ्या बादलीतून लाल टोपीवाला उतरला, न थांबता वर निघाला, आणि खाली निळ्या कठड्याला लोंबकळून योग्य फ्रेमला सुटला. व्हिडिओच्या कडेला त्या पोरांनी काय काय केलं ते एकेका ओळीत लिहून दिसत होतं.

"हितं काय लिहिलंय?" अक्कानं विचारलं. "माझं नाव का आहे?"

"इथं त्रिशला, असं लिहिलंय. या लोकांची पद्धत आहे. एखादी युक्ती ज्यानं शोधली त्याच्या नावानंच ओळखतात. काळ्या पडद्यात दुसऱ्याला सोडून पुढं जायचं, त्याला आता सगळीकडं त्रिशला म्हणतात. फक्त ह्या गेममध्ये नाही. दुसऱ्या गेममध्ये पण कुणी तसं केलं की म्हणतात, त्रिशला मारली."

अक्का विचारात पडली. "म्हणजे जगात कुठंपण कुणी कुणाला असं सोडून वर गेलं, की माझं नाव घेतात?"

"घेतात."

मला वाटलं, तिला लागलं. मी काहीतरी सारवासारव करणार, एवढ्यात ती म्हणाली, "घेऊ देत की. थांबायचो तवा कुठं कुणी घेत होतं?"

मी घ्यायचो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण तिनं व्हिडिओ मागं घेऊन विहीर पुन्हा लावली होती, लाल टोपीवाला काठाकडं निघाला होता आणि ती बघत होती, म्हणून मी थांबलो.